तुझा दम जायचा ती ओळ

आये, तुझं गाणं ज्यात आहे असं एक पुस्तक विद्यापीठ काढतंय आणि त्याची प्रस्तावना मी लिहावी असं त्यांचं म्हणणं आहे. गेल्या आठवड्यात तिथे पीएचडी करणारी एक मुलगी रोह्याला माझ्या घरी आली. गोड मुलगी. दिलेले पोहे सगळे खाल्ले, बशी स्वतः विसळून ठेवली. पेण भागात त्यांच्या विद्यापीठाने जुनं-नवं जे संशोधन केलंय ते आता एका पुस्तकात येणार आहे. मराठी विभागाचं, मेडिकलवाल्यांचं आणि समाजशास्त्रवाल्यांचं, असे तीन भाग. "मॅडम, तुम्ही लेखिका आणि पहिल्या भागातल्या धवलारणीची मुलगी, म्हणजे योगच," ती म्हणाली, आणि छापील कागदांचा गठ्ठा माझ्या हातात देऊन गाडीला गेली. मी तो वाचला. तेव्हापासून मला इतका राग आलाय की भाजी चिरताना सुरी खाली ठेवावी लागते. कुणावर रागवायचं ते शोधता शोधता मी पुन्हा पुन्हा तुझ्यापाशीच येऊन पोचते.

पहिल्या भागात तू आहेस. नाव नाही, 'खाडीपट्ट्यातील एक धवलारीण' एवढंच. आपल्याकडे लग्नाचा एकेक विधी धवल्यावर, म्हणजे त्या त्या विधीच्या गाण्यावर चालतो, गाणारी थांबली तर विधीही थांबतो, पुढे बसून तू गायचीस आणि मागे शेजारची काकी बसलेली असायची, हे सगळं त्यात नीट आलंय. मग एक अख्खं प्रकरण एका ओळीवर आहे. मुसळाने हळद फोडायच्या धवल्यात एके ठिकाणी तू ओळ अर्ध्यात सोडतेस आणि काकी ती उचलते. हा भाग लिहिणाऱ्या मराठीच्या सरांनी याला नाव दिलंय स्वरहस्तांतर. एक बाई आपला आवाज दुसरीच्या हाती सोपवते, जशी नवरी माहेराकडून सासरी सोपवली जाते, असं त्यांनी पानंच्या पानं दाखवून दिलंय. फार सुंदर लिहिलंय. मला ठाऊक नसतं तर मीही मान डोलावली असती. पण आये, तुझा दम जायचा. ती ओळ लांब होती, तिथे तुझा दम जायचा, खोकल्याची उबळ यायची आणि काकी ओळ उचलायची. बाकी काही नव्हतं.

तो दिवस मला लख्ख आठवतो. मी सातवीत आहे. सर टेपरेकॉर्डर घेऊन आलेत आणि तू गणपतीच्या कारखान्यातून लवकर घरी येऊन, अंगावरचं प्लास्टर धुऊन, लग्नाला नेसायचीस ते हिरवं लुगडं नेसून बसलीयस. केसांच्या मुळाशी तरी पांढरं राहिलंच आहे. सर पंखा बंद करायला सांगतात, टेपवर घरघर येते म्हणून. मला कोंबड्या हाकलायला अंगणात उभं केलंय. घामाने निथळत तू गातेस, आणि त्या ओळीला तुझा गळा धरतो. तू पदर तोंडात कोंबतेस. काकी तुझ्याकडे बघतसुद्धा नाही, सरळ पुढे गाते. तुझी उबळ ओसरते, तू पुन्हा सूर धरतेस. आणि सर मांडीवर थाप मारून म्हणतात, "वा!" तुझा चेहरा मी तेव्हा पाहिला. बाबांनी, कारखान्याच्या शेठने, कुणी तुला कधी वा म्हटलं नव्हतं. संध्याकाळी चुलीपुढे तू मला सांगत होतीस, "सर बोल्ला, असा त्यानं कुठं आयकला नाय." भाकरी करपली तरी तुझं लक्ष नव्हतं.

त्याच वर्षी डॉक्टर कारखान्यात आले. ते दुसऱ्या भागात आहे. गणपतीच्या कारखान्यात काम करणाऱ्यांची फुप्फुसं, असा विषय. मी तुझा डबा घेऊन आले होते आणि मूर्तींच्या रांगेत उभी होते. तुम्ही बायका दिवसभर पॉलिश पेपरने मूर्ती घासायच्या, कारखान्यात पिठाची गिरण असावी तशी भुकटी उडायची. डॉक्टरांनी एक यंत्र आणलं होतं, त्याच्या नळीत फुंकायचं. तू हसत सुटलीस. "फुगं फुगवाचं हायेत काय डॉक्टर? गनपतीनंतर या, जत्रंत घेऊन बसू." सगळ्या बायका हसल्या. शेठ दारात उभा होता, तोही हसला. डॉक्टर तरुण होते, त्यांनी कागदावरून मान वर न करता विचारलं, "खोकला येतो का?" तू म्हणालीस, "नाय." "रात्री दम लागतो?" "नाय वो, घोड्यावानी हाय मी." मी तोंड उघडलं, तर माझ्या दंडाला तू असा चिमटा काढलास की दुसऱ्या दिवशी तिथे निळं पडलं. घरी येताना रामवाडीपर्यंत तू माझ्याशी बोलली नाहीस, आणि मग एकदम थांबून म्हणालीस, "सीझन तोंडावर आलाय. शेठ दारात हुबा हाय. आजारी बाई कोन ठेवल कामावं? तुजा तोंड नाय मिटत काय गो?"

मग आली ती फॉर्म भरून घेणारी दुसरीच एक मुलगी. तिसऱ्या भागात तिचं आहे, असंघटित कामगार स्त्रिया वगैरे. तिला तू चहा केलास, वर आपल्याकडचा चांगला तांदूळ बांधून दिलास. तिने तुझं बोलणं शब्दशः छापलंय: "शेठ चांगला हाय. दोन टायमाला चाय भेटते. आपली काय तक्रार नाय." खाली लिहिलंय, 'पेण, मूर्तिकारखाना, विवाहित.' वाचताना मला तुझा आवाज ऐकू आला, कप ठेवल्याचासुद्धा. तर असं आहे बघ. एकाच पुस्तकात तू तीनदा आहेस आणि त्या तिघांना ठाऊक नाही की ही एकच बाई. गाणाऱ्या बाईला खोकला नाही, नळीत फुंकणाऱ्या बाईला गाणं नाही, आणि तिसरीला तर कसलंच दुखणं नाही. डॉक्टरांच्या भागात एक आलेख आहे. प्रत्येक कामगार म्हणजे एक ठिपका. मी चष्मा पुसून तो बघितला, परत परत बघितला. त्यातला कुठला ठिपका माझी आई, ते मला शेवटपर्यंत ओळखता आलं नाही.

मी कॉलेजात असताना तू गेलीस. शेवटचे महिने तुला आडवं होता येत नव्हतं, भिंतीला उशी लावून बसल्या बसल्या झोपायचीस. तेव्हा तुझ्या पुढ्यात ना टेप होता, ना नळी, ना फॉर्म. ती सगळी माणसं वाईट होती असं मला म्हणता येत नाही आणि त्यानेच माझा जीव जळतो. सर घाम पुसत बसले होते, डॉक्टर उन्हातून आले होते, ती मुलगी तांदूळ घ्यायला संकोचत होती. पण एकाने तरी दुसऱ्याला विचारायचं होतं. एकाच विद्यापीठाच्या इमारती, मधे एखादं मैदान असेल. आणि तू? तू तरी सांगायचंस. तुझा राग मला त्यांच्यापेक्षा जास्त येतो. ज्याने त्याने येऊन जे मागितलं ते तू हसत हसत दिलंस, हिरवं लुगडं नेसून दिलंस.

सरांना मी फोन केला. आता निवृत्त आहेत, आवाज थकलाय, पण तुझं नाव काढताच उजळले. "असा गळा पुन्हा ऐकला नाही हो." मी म्हटलं, "सर, ते स्वरहस्तांतर नाहीय. तिला दम लागायचा. खोकला यायचा." ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "ताई, तुम्ही तेव्हा लहान होतात." "सातवीत होते. कोंबड्या मीच हाकलत होते." "हो, पण खोकला मूळ टेपवर असेल, आम्ही तो काढून आवाज स्वच्छ केलाय. रचना तर राहतेच ना? माझ्या विद्यार्थ्यांची पीएचडी झालीय त्यावर." मी म्हटलं, "मग त्यांना सांगा, त्यांच्या पीएचडीला दमा आहे." इतकं उद्धट मी आजवर कुणा वडीलधाऱ्याशी बोललेले नाही. तू असतीस तर पुन्हा चिमटा काढला असतास.

तेव्हा मी ठरवलं की प्रस्तावनेत सगळं लिहायचं, पण त्याला काकीची साक्ष हवी. गाडीने पेणला उतरले आणि रिक्षा करून गावात गेले. काकी ओटीवर पाय पसरून वाल सोलत होती. तिला आता कमी दिसतं, आवाजावरून ओळखलं. "कोन, लेखिका? वाट चुकलीस काय गो?" मी सरळ विषयाला हात घातला. ती हसायला लागली. "मंग काय करू? मुसळ वर उचललेला नि धवला तुटला, तं नवरीला काय वाटंल? तुजे आयेचा दम गेला की मी उचलायची. रिवाज कसला नि काय." "मग सरांना सांगितलं का नाहीस?" "त्यानं इचारला कुठं? तो वा बोल्ला. तुजे आयेला कवरा बरा वाटला तवा. मी मधी बोलून नासवू?" मी म्हटलं, "मी हे पुस्तकात लिहिणार आहे." तिचे हात थांबले. "मेलेल्या बाईचा खोकला छापशील? ती पदर कोंबायची तोंडात, कुनाला आयकू जाव नाय म्हनून. तिनं झाकला ता तू उघडा करशील?" मी चिडून म्हटलं, "झाकलं म्हणूनच मेली ना ती!" काकी पुन्हा वाल सोलायला लागली. मूठभर वाल सोलून झाल्यावर म्हणाली, "ता पन खराच हाय." आणि मग, जणू काही झालंच नाही, "खालच्या आळीत हळद फोडतायत. मना धरून ने तिथवर. आयकून जा."

तिथे मांडवात नव्या पोरी गात होत्या. एक पुढे, एक मागे, दोघी कॉलेजात जाणाऱ्या, पंजाबी ड्रेसवर हिरव्या बांगड्या. काकीने सांगितलं की त्या मोबाइलवरून शिकल्या, विद्यापीठाने तुझा धवला तिथे टाकलाय तो ऐकून ऐकून. सवाष्णींनी मुसळ धरलं. पुढची पोर गात होती, दणदणीत दम, कुठे धाप नाही. मला वाटलं ही सगळं एका दमात म्हणेल. आणि ती ओळ आली, आणि तुझी जिथे तुटायची त्याच शब्दावर ती पोर थांबली. खोकला नाही, काही नाही. नुसती थांबली, मान किंचित मागे वळवली, आणि मागच्या पोरीने ओळ उचलली. काकी माझ्या कानाशी म्हणाली, "बघ. आता काय सांगशील त्यांना?" माझ्या डोक्यात तिडीक गेली. उठून ओरडावंसं वाटलं की अगं थांबू नकोस, तुला काय धाड भरलीय, म्हण पुढे, तुझी छाती धड आहे. ती थांबते ती जागा माझ्या आईच्या आजाराची आहे.

प्रस्तावना मी काल लिहून पाठवली. त्यात पॉलिश पेपरची भुकटी आहे, तोंडात कोंबलेला पदर आहे, नळी आणि शेठ आणि चिमटा आहे, आणि तीन भागांतली बाई एकच आहे हे स्पष्ट लिहिलंय. एकही वाक्य गाळून छापायचं नाही, नाहीतर माझं नाव काढा, असंही कळवलंय. गठ्ठा देऊन गेलेली ती पीएचडीवाली मुलगी फोनवर रडली, मी तिला गप्प केलं नाही. काकीला मी अजून सांगितलेलं नाही, तुला सांगतेय. तुझं झाकलेलं मी उघडं केलं, आणि त्याबद्दल मला जराही वाईट वाटत नाही.

एक गोष्ट मात्र मी त्यांना लिहिली नाही, आणि हा कागद कुठे जाणार नाही म्हणून इथे लिहिते. मांडवात ती पोर थांबली आणि मागची ओळ उचलणार, त्या क्षणी सगळ्या बायकांनी एकदम श्वास रोखला होता. मीही. आणि मागचा सूर आला तेव्हा ते इतकं गोड वाटलं, आये, की तेवढ्यापुरती मी कुणावरच रागावलेली नव्हते. माझ्या तोंडून 'वा' निघालं.