चाळीस मिनिटांचा कुमिस

कारा-साय,
१४ ऑक्टोबर

चि. तेमिरकुल यास ताईचा आशीर्वाद.

इकडे सगळे बरे. मेंढ्या डोंगरावरून उतरल्या, खिंडीत बर्फ धरलाय. तुझ्या मिनीबसला नवा दिवा बसला असेल. जुना दिवा मेंढरू आडवं आल्यानं फुटला म्हणालास ना?

आठवीला सध्या सरासरी वेग शिकवतेय. उदाहरण आपल्याच घाटाचं घेतलं. वरच्या चौकीवर चिठ्ठीवर वेळ पडते, खालच्या चौकीवर पुन्हा. एकशेवीस किलोमीटर, दोन तास, म्हणजे ताशी साठ, मर्यादेतच. दंड नाही. पोरं खदखदून हसली. "बाई, सगळे ड्रायव्हर सुसाट येतात नि खालच्या चौकीआधी कुमिस पीत वेळ भरतात!" मी म्हटलं, "घोडीचं दूध पिऊन कायदा पाळणारे आपणच, मेल्यांनो!"

बुरुल हसली नाही. जपार आजोबांची नात ती. म्हणाली, "मग बाई, सरासरी साठ असली तरी मध्ये नव्वद असू शकतो ना?"

असू शकतो, म्हटलं. आणि तास तिथंच सोडला.

तेमिर, सप्टेंबरात जपार आजोबांच्या अपघाताच्या चौकशीवाल्यांनी मला, भौतिकशास्त्राची बाई म्हणून, बोलावलं. रस्त्यावर पन्नास मीटर चाकं घासल्याच्या खुणा होत्या. त्वरणाचं गणित मांडून मीच काढलं, आजोबांना उडवून पळालेली गाडी नव्वदला होती. त्या दिवशीच्या तुझ्या चिठ्ठीवर साठ. 'ही गाडी ती नव्हे,' असं लिहून मी सही केली. तू कुमिसला किती वेळ बसलास, हे विचारायची छाती झाली नाही.

काल कुमिसच्या दुकानवाल्या काकूंना त्या दिवसाचं विचारलं. "चाळीस मिनिटं बसला होता गं. वाटी भरलेली तशीच." दोन तासांतून चाळीस मिनिटं वजा कर. तुला येतं, मीच शिकवलंय.

शनिवारी तू माझ्या चौदा पोरांना घेऊन खिंड उतरणार होतास. यादीत बुरुलही होती. आज सकाळी ती यादी फाडली, आणि खरं गणित चौकशीवाल्यांना देऊन आले. आधी सही करून दिलेलं खोटं होतं, हेही लिहिलं.

बुरुलचे काका दोन दिवस खाली रस्त्याकडेला बसून प्रत्येक गाडीचा दिवा बघताहेत. आजोबांपाशी सापडलेला दिव्याच्या काचेचा तुकडा हातात असतो. मला त्यांचीच भीती वाटते रे. म्हणून पत्र मिळताच गाडी तिथं वरच ठेव, आणि वरच्याच चौकीवर चालत जाऊन सगळं सांग. कुमिसला थांबू नकोस.

त्या वाटीत तुझ्याइतकीच वाटेकरी,
तुझी ताई
सायरागुल