बिननावाचा ॲम्प्लिफायर

४ मार्च, रविवार
ताईकडे आवराआवर. भावोजींना जाऊन आठ महिने झाले, त्यांची खोली आता भाचीला अभ्यासाला द्यायची आहे. पलंगाखाली एक जुना ॲम्प्लिफायर निघाला. राखाडी पत्रा, वर बल्बसारखे काचेचे चार व्हॉल्व्ह, कंपनीचं नाव कुठेही नाही. शिवणयंत्राएवढा जड. ताई म्हणाली, बंदच पडलाय, जाताना भंगारात टाकशील का? टाकतो म्हणालो. टॅक्सीत मांडीवर घेऊन घरी आणला. भंगारवाला वाटेत लागला नाही. मी त्या वाटेने आलो नाही, हा मुद्दा वेगळा.

५ मार्च
ही चोरी नाही. संशोधन आहे. बायकोने विचारलं, वन्संना सांगितलंत का? म्हटलं, आधी काय सापडलंय ते तर कळू दे. ती भाजी चिरत राहिली. नको इतकी बारीक चिरली.
संकल्प : आठ दिवसांत कंपनी, मॉडेल आणि साल शोधणे. मग ताईला सांगणे.

७ मार्च
जुन्या ॲम्प्लिफायरवाल्यांच्या ग्रुपवर फोटो टाकला. ‘माझ्या संग्रहातून’ असं लिहिलं. (एका वस्तूचाही संग्रह असू शकतो.) एक म्हणाला, सिनेमाघरातला दिसतो. दुसरा म्हणाला, जहाजावरचा. तिसरा म्हणाला, टोस्टर आहे. तिसऱ्याला ब्लॉक केलं.
समोरच्या पत्र्यावर दोन बारीक भोकं आहेत. म्हणजे पाटी होती, कुणीतरी काढून नेली. साध्यासुध्या कंपनीची पाटी कोण नेईल? वस्तू दुर्मिळ आहे.

१० मार्च
सकाळी सातला ताईचा फोन. भाची रडून रडून आजारी पडायची बाकी आहे. बाबांची वस्तू मला न विचारता का दिलीस, म्हणते. भंगारवाल्याकडे अजून असेल का रे?
ॲम्प्लिफायर समोर टेबलावरच होता. मी त्याच्याकडे पाठ केली आणि म्हणालो, त्याने त्याच दिवशी तोडला.
ताई म्हणाली, जाऊ दे, तुझा काय दोष?
दुपारी जेवण गेलं नाही. रात्री थोडं गेलं.

११ मार्च
आता एकदम परत नेला तर ताईला धक्का बसेल. तिच्या तब्येतीचा विचार करायला हवा. तेव्हा आधी दुरुस्ती, मग परत. उशीर नाही हा, नियोजन आहे.

१५ मार्च
ऑफिसात पोटदुखी कळवून घरी राहिलो. ग्रुपवर सगळ्यांनी बजावलं होतं की इतकी वर्षं बंद असलेली वस्तू थेट प्लगला लावू नका. पण सगळे म्हणजे सात जण. लावली. व्हॉल्व्ह दोन सेकंद सुंदर लाल झाले. मग फट् झालं, धूर आला, घरातली वीज गेली. बायकोने टॉर्च माझ्या तोंडावर मारला आणि विचारलं, झालं संशोधन?
पोट खरंच दुखायला लागलं.

१७ मार्च
चौकाजवळच्या रेडिओ दुरुस्तीवाल्या आजोबांकडे घेऊन गेलो. म्हटलं, दुर्मिळ आहे, जपून. त्यांनी उलटा करून खालचं झाकण उघडलं आणि हसायलाच लागले. म्हणाले, साहेब, ही कसली कंपनी! भोकं हाताने पाडलीत, एका रेषेत नाहीत. ट्रान्सफॉर्मरची तार घरी गुंडाळलीय. कुणीतरी स्वयंपाकघरात बसून बनवलाय हा. विकायला गेलात तर पत्र्याचा भाव.
मग त्यांचं हसू थांबलं. डाव्या बाजूचा आवाज उजवीपेक्षा वाढवून ठेवलाय, म्हणाले. चुकून नाही, मुद्दाम. झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेलं मला दाखवलं. ‘डावा जास्त. तिच्यासाठी.’
अक्षर भावोजींचं. ताईला लहानपणच्या तापापासून डाव्या कानाने फार कमी ऐकू येतं. शाळेत ती कायम डावीकडच्या भिंतीशी बसायची, वर्ग उजव्या कानाला मिळावा म्हणून.
आजोबांनी विचारलं, ती म्हणजे कोण?
म्हटलं, नात्यातली आहे.

१८ मार्च
ग्रुपवरचा फोटो काढून टाकला. कुणाच्या लक्षातही आलं नाही.
उद्या ताईला फोन.

२१ मार्च
फोनवर नको. अशा गोष्टी समोरासमोर बोलायच्या असतात.

२५ मार्च, रविवार
आजोबांनी चांगला दुरुस्त केला. ताईकडे घेऊन गेलो. चार वाक्यं पाठ केली होती, पहिलं ‘ताई, मी खोटं बोललो.’ दार भाचीने उघडलं. ॲम्प्लिफायर पाहून तिने मला मिठी मारली, त्याच्यासकट. ताई बाहेर आली. म्हणाली, तोडला नव्हता होय त्याने? तू शोधून काढलास?
नाही म्हणायचं होतं. मान आपोआप हलली, ती नेमकी होकाराची निघाली.
भाची म्हणाली, मामा, त्या भंगारवाल्याचं दुकान दाखव, मला त्याला थँक्यू म्हणायचंय. म्हटलं, तो गाव सोडून गेला. बिचाऱ्याला मी आधी क्रूर केलं, आता बेघर.
तिने स्पीकर जोडून बाबांची रेकॉर्ड लावली. ताई मधल्या खुर्चीत डोळे मिटून बसली. मी शेजारी बसलो आणि सांगितलं. सगळं. टॅक्सी, ग्रुप, संग्रह, धूर, मान. एकही गोष्ट गाळली नाही.
रेकॉर्ड संपली. ताईने डोळे पुसले आणि वळून विचारलं, काही म्हणत होतास का रे?
चहा मिळेल का, म्हणत होतो.
तिने केला. दोन कप प्यायलो.
मी तिच्या डावीकडे बसलो होतो. उजवीकडची खुर्चीही रिकामी होती, पण तिकडे पंख्याचा वारा लागत नाही.