लघुग्रहाला नाव ठेवण्याचा हक्क ताईला

घराला माझा काडीचा उपयोग झाला नाही, हे दादाने याही पत्रात लिहिलेच आहे. आणि घरची शिडी मी मोडली नव्हती. ती आधीच मोडलेली होती, मी फक्त तिच्यावर चढलो. एवढे नोंदवून पुढे जातो.

मी, घरच्यांचा भिंगरी, वय पंचवीस, शिक्षण सातवी पास, आठवीतून पळालेला, काम दुर्बिणीचा घुमट फिरवणे व काचा पुसणे, डोके ताळ्यावर असताना हे मृत्युपत्र लिहितो. हिवाळ्यात वरच्या शिखरावर जाणाऱ्याने ते लिहून द्यावे असा कचेरीचा नियम आहे. मला काहीही झालेले नाही. आई, डोळे पूस आणि मग पुढचे वाच.

पान्यांचा संच दादाला. त्यातला बारा नंबरचा पाना नाही. तो त्याच्याच घरात सापडेल आणि हे त्याला ठाऊक आहे. लोकरी कोट बाबांना. मोठा होईल, पण बाबा म्हणतील चालेल. बँकेत आहे ते आईचे. किती ते लिहीत नाही, दादा वाचतोय.

आता मुख्य मालमत्ता. मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या गर्दीत एक दगड फिरतो, तो मला सापडलेला आहे. झाले असे की सहा वर्षांपूर्वी दुर्बिणीवर संशोधन करणाऱ्या मॅडम आकाशाचे लागोपाठचे तीन फोटो बघता बघता माझ्यावर उखडल्या. "काच पुसलीस की चाटलीस रे? हा डाग बघ!"

मी म्हटले, "मॅडम, डाग असता तर तिन्ही फोटोंत एकाच जागी बसला असता. हा चालतोय."

मॅडमनी तिन्ही फोटो पुन्हा शेजारी लावून पाहिले. मग खुर्ची सरकवून म्हणाल्या, "बस." कामाला लागल्यापासून मला बस म्हणणारे ते पहिलेच माणूस.

त्या दगडाची वाट पक्की ठरायला सहा वर्षे गेली. सूर्याभोवती एक फेरी सव्वाचार वर्षांची. दादा म्हणेल, घरी येण्यात हा तुझ्यापेक्षा बरा. आता त्याला क्रमांक मिळाला आहे आणि नाव सुचवायचा मान मॅडमनी मला दिला आहे. मुदत दहा वर्षे. नाव लहान हवे, आणि ते का ठेवले हे चार ओळींत लिहून द्यावे लागते. कुत्र्याचे चालत नाही, विचारून झाले.

जन्मभर तुम्ही मला नावे ठेवलीत, आता मला एक नाव ठेवायला मिळाले. मी ताईचे लिहून फॉर्म तयार केला आणि तिला फोन लावला.

"ताई, तुझं नाव आकाशात लावतोय!"

"मला विचारलंस?"

"अगं, चांगलंच आहे की."

"तुला शाळेत घालायचं म्हणून मला सहावीतून काढलं, तेव्हाही सगळे हेच म्हणाले होते. चांगलंच आहे. आणि तू आठवीतून पळालास, भिंगऱ्या."

फॉर्म फाडला. दुसऱ्या दिवशी फोन केला आणि या वेळी आधी विचारले.

ती म्हणाली, "संध्याकाळच्या शाळेत जायचंय मला. नाव मी ठरवीन, आणि त्या चार ओळी माझ्या मी लिहीन. तोवर तुझा धोंडा बिननावाचा फिरू दे."

म्हणून, मी असलो काय नि नसलो काय, नाव ठेवण्याचा हक्क एकट्या ताईचा. ती ठेवील ते नाव. दादाने सुचवू नये. मॅडमनी हे मान्य करून खाली सही केली आहे.

साक्षीदार: दुर्बिणीच्या मॅडम (सही). खानावळीचा आचारी (सही, मजकूर न वाचता, हात पिठाचे होते).

लिहिणार: भिंगरी (सही)

स्थळ: घुमटाखालची हत्यारांची खोली
तारीख: नऊ नोव्हेंबर

एक कलम मात्र माझ्या मरणाची वाट न बघता आजच लागू. ताईच्या नावे, तिच्याच हातात द्यावे: वर्षाची फी आणि वह्या मिळून सहा हजार आठशे पन्नास.