आगीचे तास

१४ मार्च, दुपार

चि. भुंग्या,

अनेक आशीर्वाद. मी बरी आहे. गुडघा आहे तसाच आहे.

लिहायचं कारण आधी सांगते. तू माझा फोन उचलत नाहीस, आणि आज सकाळी चौकशी समितीचे अधिकारी घरी येऊन गेले. ते काय घेऊन गेले, हे तुला तुमच्या तळावर कुणी ऐकवण्याआधी माझ्याकडून कळावं, एवढ्यासाठी हे पत्र. फोन कापता येतो. पत्र निदान फाडण्याआधी उघडावं लागतं.

इकडचं विशेष काही नाही. वरच्या मजल्यावरचे लोक घर सोडून गेले, त्यामुळे आता डोक्यावर पावलांचा आवाज नाही. टाकीचा नळ गळत होता तो मीच बदलला. शेजारीण विचारत होती, "यंदा तुमचं हेलिकॉप्टर दिसलं नाही हो?" तुमचं म्हणजे आपलं. पलीकडच्या डोंगरावर दोन दिवस धूर होता. खालून माणसं फांद्यांनी झोडपून आग विझवत होती. मी गच्चीवरून पाहत होते. हेलिकॉप्टर का आलं नाही, हे त्या गच्चीवर एकट्या मलाच ठाऊक होतं. शेजारणीला म्हटलं, "दुरुस्तीत आहे."

तुमच्या मेकॅनिककाकांचा फोन आला होता. "बाई, आमच्या पोटावर पाय दिलात," म्हणाले. आणखीही बरंच बोलले, मी ऐकून घेतलं. तुमचे साहेब तुला सगळ्यांसमोर विचारतात म्हणे, "उड्डाणाला मातोश्रींची परवानगी आहे ना?" हे ऐकून मला वाईट वाटलं. साहेबांना विनोद जमत नाही याचंही वाटलं. काका फोन ठेवतील असं वाटलं, तर म्हणाले, "तुमच्याकडची ती दांडी कुठल्या टोकाला तडकली होती? वरच्या की खालच्या?"

"वरच्या," मी म्हटलं. मग त्यांनी ठेवला.

हो. तडा होता. तुला हे मी सांगितलं नव्हतं.

तू समजतोस, तू जेवताना केलेल्या थट्टेवरून मी तक्रार केली. गेल्या वणव्यांच्या हंगामानंतर, सैल झाली म्हणून काढलेली ती दांडी तू घेऊन आलास. स्वयंपाकघराच्या खिडकीचं तावदान वर ठरत नव्हतं, तर खाली ती उभी करून म्हणालास, "फिरत्या पात्याचा कोन हिच्या हातात होता, आई. वर्षभर माझा जीव हिनं धरला, आता तुझी खिडकी धरेल." मग पानावर बसल्यावर सांगितलंस की खाजगी हेलिकॉप्टरला बाहेरचे तपासनीस येतात, तुम्हाला कुणी येत नाही. सरकारी यंत्र सरकारी कामावर, म्हणून तुमचं तुम्हीच तपासता. आणि एकेका भागाचं आयुष्य धरायला तास मोजता ते फक्त आगीचे. सरावाला उडालात, तळ बदलायला उडालात, तर ते धरायचे नाहीत. "आगीवर गेलं तरच तास गं!" केवढा हसलास.

मी उभा जन्म तासांवर काढला, भुंग्या. वर्ग झोपला तरी तास झालेला असतो. घसा बसायचा तो बसतोच. घशाला काय कळतं, परीक्षेचा तास कुठला आणि उजळणीचा कुठला?

तरी त्या रात्री मी काही केलं नाही. चार दिवसांनी दांडी रॉकेलने पुसायला घेतली, तेव्हा वरच्या कडीपाशी बोटाला काहीतरी लागलं. केस असेल म्हणून पुसलं. गेलं नाही. नखाने ओढलं, तर नख अडकलं. तुमच्या वहीप्रमाणे तिचं आयुष्य अजून शिल्लक होतं. आणि त्याच हिशेबाने मोजलेलं बाकी सगळं तुझ्या डोक्यावर फिरत होतं.

तुला आधी का सांगितलं नाही? कारण तू म्हणाला असतास, "ती काढलीच ना, आता चालेल," आणि दुसऱ्या दिवशी वर गेला असतास. सहावीत तू माझ्या वर्गात होतास तेव्हा तुझे पेपर मी दुसऱ्या बाईंकडे पाठवायची. तू रुसायचास. आपल्या मुलाचा पेपर आपण तपासला की एखादी चूक दिसतच नाही. तुझं हेलिकॉप्टर मी तसंच बाहेरच्यांकडे तपासायला पाठवलं.

आजचे अधिकारी सभ्य होते. बूट दाराबाहेर काढले. म्हणाले, "तासांच्या नोंदीखाली सही तुमच्या मुलाची आहे. दांडी माझ्याकडे आली की त्याच्या परवान्याचा प्रश्न येणार. तुम्ही आई आहात. नाही दिलीत तर मी जबरदस्ती करणार नाही." मी चहा टाकला. दोन कप चुकून तीन झाले. मग तावदान हाताने पेलून धरलं आणि त्यांना म्हटलं, "काढून घ्या."

तू कदाचित पुन्हा उडणार नाहीस. मला ते कळतं. माफी मागत नाही. पण तू उडत होतास तोवर आकाशात घरघर झाली की मी हातातलं टाकून गच्चीवर जायची, आणि आवाज विरेपर्यंत उभी राहायची. आता मला दिवसभर मोकळा तास आहे.

खिडकी बंद आहे. धूर कोंडतो. येशील तेव्हा येताना लाकडाचा एखादा वीतभर तुकडा आण. इथे मिळत नाही असं नाही.

त्यांनी लिहून घेतलं ते खाली उतरवते. सही माझी आहे, आणि शेवटच्या रकान्यातलं अक्षरही.

दिली: दांडी एक, नंबर कोरलेली, वरच्या टोकाला तडा.
देणार: वैमानिकाची आई.
वस्तू कशी मिळाली: मुलाने भेट दिली.
काम झाल्यावर परत हवी का: हो.