लेखाबाहेरचा आजोबा

चि. खारूस आजोबांचे पोटभर आशीर्वाद.

तुझा खोकला गेला का? (गेला असं कळवलंस, पण ते माझ्या समाधानासाठी लिहिलं असशील अशी शंका आहे.) माझं पोट ठीक, गुडघा बेताचा. मन मात्र काल तुझ्या बाबांनी तुझा कागद मोठ्याने वाचून दाखवल्यापासून थाऱ्यावर नाही.

शास्त्रीय लेखनात आपलं बळ काय, उणीव काय आणि ध्येय काय, ते लिहा, असं तुमच्या बाईंनी सांगितलं म्हणे. बळ तू लिहिलंस, ‘जे घडलं ते लपवत नाही.’ ऊर भरून आला. उणीव, ‘घरातली माणसं लेखात शिरतात.’ इथे तुझी आई माझ्याकडे बघून हसली. आणि ध्येय, ‘पुढच्या लेखात आजोबा येणार नाहीत.’ खारू, लोकांची ध्येयं केवढाली असतात, आणि तुझ्या वाट्याला मी आलो!

चूक माझीच. सुट्टीत तू मटाराची एक कुंडी खिडकीत ठेवलीस, एक कपाटात. कपाटातली रोपं पिवळी, लांब मानेची, अगदी केविलवाणी. तू बाहेर पडलीस की मी त्यांना उन्हात बसवायचो आणि तू यायच्या आत परत कपाटात. (आजारी माणसाला आपण गॅलरीत नेत नाही का?) रोपं अंधारातही हिरवी होतात, असं तू लिहायला बसलीस, तेव्हा माझा धीर सुटला आणि मी बोलून गेलो. तू तेही लिहिलंस, ‘आजोबांना दया आली’ यासकट! बाईंनी लेख परत केला. आता प्रयोग नव्याने करून दिला नाहीस तर गुण नाहीत, आणि वसतिगृहात कपाटाची सोय नाही म्हणून कुंड्या पुन्हा आमच्याच घरात.

तुझे बाबा म्हणाले, “अप्पा, पोरीचा लेख तुमच्यामुळे बुडाला.” मी म्हटलं, “अरे, मी शिंपी माणूस. जास्तीचं कापड कापत नाही, आत दुमडून ठेवतो. तिलाही तेच वळण लागलं.” तेव्हा मला खुशाल काढून टाक. वाईट वाटणार नाही. (वाटेल, पण तू मनावर घेऊ नकोस.) मुद्द्याचं तेवढंच लिही. कंस तर अजिबात नकोत.

कपाटाला कुलूप आहे, किल्ली तुझ्या आईकडे. मी तिकडे फिरकतही नाही.

तुझा,
अप्पा आजोबा

ता. क. : ते कुलूप कात्रीच्या टोकानेही उघडतं, हे आज समजलं. फक्त पाणी आहे का ते बघितलं. दार जरा उघडं राहिलं. जरा म्हणजे, माझा चहा होऊन कप विसळेपर्यंत.

आणखी एक : नव्या बिया भिजत घातल्या आहेत. या खेपेला कात्रीही आईच्या ताब्यात देतो. पण आजचं तेवढं लेखात लिही गं. ‘घरातील एका वृद्धाने’ म्हटलंस तरी चालेल. नाही लिहिलंस, तर उणीव जायच्या आधी तुझं बळच जाईल. मी न येण्याचं ध्येय त्याच्या पुढच्या लेखासाठी ठेव.