विवराभोवतीची धग

३ फेब्रुवारी
डॉक्टर म्हणाले, हिची गाठ काढून झाली, आता पुढच्या सोमवारपासून किरणांचा शेक. टाळून चालणार नाही. ही म्हणाली, "नको." बस्स. गाडीत चकार शब्द नाही. घरापर्यंत मीच बडबडत होतो.

४ फेब्रुवारी
पोरगी आली, दुर्बिणीचं काम अर्धं टाकून. आल्याआल्या — "तुम्ही आईला नीट समजावलंच नसणार, बाबा." म्हटलं, किरणांत डॉक्टरेट तुझी, तूच समजाव! तिथून जुंपली ती जेवणं होईपर्यंत. ही ताटाकडे बघत बसलेली.

५ फेब्रुवारी
घरात आवाज आहे तो आम्हा दोघांचाच.

६ फेब्रुवारी
माझ्याच अंगात त्राण नाही. दुपारी वर्कशॉपमध्ये खुर्चीतच डोळा लागला. कारागिरांनी ठोकाठोकी हळू केलेली, तेही ऐकू येत होतं.

संध्याकाळी पोरीनं कृष्णविवर समजावलं — मला, पण आईच्या कानावर पडावं म्हणून. विचारलं, काळं ना ते? मग उजेड कसला?

"उजेड त्याचा नाही, बाबा. आत गेलेला प्रकाशसुद्धा परत येत नाही. पण भोवतीचा वायू सरळ आत पडत नाही, गरगरत राहतो. आतला जोरात, बाहेरचा हळू. घासतो, तापतो — इतका, की क्ष-किरण निघतात. आईला देणार ते त्याच जातीचे. फक्त मोजून, नेम धरून."

म्हणजे ब्रेक लायनर! जन्म गेला माझा त्यात. उतारावर लायनर घासून चाकाचा ड्रम कसा तापतो ते मला विचारा. पोरगी हसली, आल्यापासून पहिल्यांदा.

"आणि खुद्द विवर? अगदीच मुकं?" मी विचारलं.

"गणित म्हणतं, त्यातूनही किंचित काही झिरपतं. पण इतकं क्षीण, की अजून कुणाला टिपता आलेलं नाही."

हिला विचारलं, ऐकलंस ना? ती उठून आत गेली.

८ फेब्रुवारी
पुन्हा तेच. मी म्हटलं, सोमवारी सरळ हात धरून नेऊ. "आई काय पार्सल आहे?" — पोरगी. मग पाचच मिनिटांनी तीच म्हणते, देवळात जायचंय सांगून गाडीत बसवू का! शहाणी माझी. आतल्या खोलीतला पंखा बंद झाल्याचं मी ऐकलं. म्हणजे ही जागी होती, ऐकत होती. थकलोय.

९ फेब्रुवारी
सकाळी ही बाहेर आली. "उद्या जाते मी," म्हणाली. "शेजारीण येणार आहे सोबत. ती गप्प बसते. तुम्ही दोघं घरी थांबा."