कपाटावरची फूटपट्टी

सोमवार, ४ मार्च

आजपासून मुंगीला, म्हणजे आमच्या पोरीला, मारणं बंद. निर्णय पूर्णपणे माझा. काल मेहुणीने मुंगीच्या तळहातावरचा वळ पाहिला आणि बायकोला स्वयंपाकघरात नेऊन दार लावून घेतलं, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. मेहुणी बालवाडीची बाई आहे. तिला सगळं जग चार वर्षांचं वाटतं.

बायको बाहेर आली आणि म्हणाली, यापुढे हिच्यावर हात उचललास तर मी हिला घेऊन ताईकडे जाईन. मी म्हणालो, धमक्या नकोत. ती म्हणाली, धमकी नाही, ताईने खोली झाडून ठेवलीय.

त्यानंतर मी जेवलो नाही. ॲसिडिटी.

वळ म्हणजे तरी काय? भिंतीवर खडूने गाडी काढली म्हणून फूटपट्टीने एक. आम्ही लहानपणी कमी मार खाल्ला का? काय बिघडलं आमचं?

संध्याकाळी फूटपट्टी कपाटावर ठेवून दिली. टाकली नाही. टोक थोडं बाहेर राहील अशी ठेवली. वापरायची नाही, नुसती असू द्यायची.

बुधवार, ६ मार्च

मुळात मी शांत माणूस. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवतो. शेजारच्या सीटवर माझ्या पायाखाली माझा वेगळा ब्रेक असतो, त्यामुळे आवाज चढवायची वेळ येत नाही. नव्या इन्स्ट्रक्टरना मी पहिलं हेच सांगतो की शिकणाऱ्यावर ओरडू नका. घाबरलेला माणूस ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबतो आणि वर शपथेवर सांगतो की ब्रेकच दाबला होता.

सध्या एक टेलरबाई येतात. शिलाई मशीनची सवय, दोन्ही पाय एकदम दाबतात. आज भर चौकात गाडी पुन्हा पुन्हा बंद पडली, मागे हॉर्नचा कल्लोळ. मी म्हणालो, होतं असं, परत चालू करा. बाई म्हणाल्या, तुमची मुलं नशीबवान हो. मी आरसा नीट केला.

घरी मेहुणीची पद्धत सुरू केली. राग आला की मनात दहापर्यंत मोजायचं. मी मोठ्याने मोजलं, म्हणजे मुंगीलाही फायदा. तीनवर ती टेबलाखाली. मेहुणीला दहा लागतात, माझं तीनमध्ये काम होतं.

शनिवार, ९ मार्च

अण्णा आले होते. माझे वडील. मारणं बंद केल्याचं ऐकून हसले. म्हणाले, तुला मी वळण लावलं म्हणून आज चार माणसांत बसतोस. मी म्हणालो, हो अण्णा. भिंतीवरचं घड्याळ बंद पडलंय हे दाखवायला त्यांनी काठी वर केली.

मी खाली वाकलो. मुंगीही वाकली. दोघं एकदम.

बायको बघत होती. मी म्हणालो, पेन पडलं. मुंगी लगेच टेबलाखाली शिरून पेन शोधायला लागली. पडलेलंच नव्हतं, तरी शोधत राहिली. गुणी पोर.

रविवार, १० मार्च

बायको उद्यापासून शुक्रवारपर्यंत ऑफिसच्या ट्रेनिंगला बाहेरगावी. बॅग भरताना म्हणाली, जमेल ना? मी म्हणालो, माझी परीक्षा घेतेयस का? ती म्हणाली, हो.

सोमवार, ११ मार्च

शांत खुर्चीचा प्रयोग. मुलाकडून चूक झाली की त्याला खुर्चीत बसवायचं, आपण शेजारी बसायचं आणि निवांत बोलायचं. मुंगीकडून दूध सांडलं. बसवलं. मीही बसलो. तिने विचारलं, बाबा, कधी मारणार? मी म्हणालो, मारणार नाही. ती म्हणाली, बरं. पण कधी?

खुर्चीच्या बाबतीत मेहुणीचं काहीतरी चुकतंय.

मंगळवार, १२ मार्च

शेजारच्या काकू मुंगीला शाळेतून आणतात, मी येईपर्यंत ती थोडा वेळ घरात एकटी असते. आज आलो तर स्टूल आडवं पडलेलं आणि कपाटावर पट्टी नाही.

चौकशी नव्या पद्धतीने. गुडघ्यावर बसलो, तिच्या डोळ्यांच्या पातळीवर आलो. म्हणालो, कोणी रागावणार नाही, खरं सांग, पट्टी कुठेय? म्हणाली, माहीत नाही. पुन्हा तेच विचारलं. माहीत नाही. चेहरा कागदासारखा पांढरा. पट्टीला काय पाय फुटले?

खोटं बोलते, याचा मला संताप आला. हे कुठून शिकली कळत नाही. हात दोन्ही खिशांत घातले आणि मोजत राहिलो.

पण उचलला नाही. बायकोला फोनवर हे आवर्जून सांगितलं.

बुधवार, १३ मार्च

पद्धत लागू पडली. मुंगी ओळखू येत नाही. हट्ट नाही, उड्या नाहीत, गाणी नाहीत. सकाळी ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीने शाळेत सोडताना मागच्या सीटवर दप्तर कवटाळून गप्प बसून होती. एवढ्या उकाड्यात स्वतःहून पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला, म्हणजे टापटीपही आली. जेवली डाव्या हाताने. दोन्ही हात चालवणारी मुलं हुशार असतात असं ऐकलंय. सहज विचारलं, हात दुखतोय का? माझं वाक्य पुरं व्हायच्या आत नाही म्हणाली.

मेहुणीला बोलावून दाखवलं पाहिजे.

गुरुवार, १४ मार्च



उतारावर होतो. गाडी टेलरबाई चालवत होत्या. पुढे मुलांनी भरलेली शाळेची व्हॅन अचानक थांबली. मी माझा ब्रेक दाबला. पेडल खाली गेलंच नाही. पुन्हा दाबला. नाही. मग मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. शब्द नव्हता तो.

बाईंनी मशीन थांबवतात तसे दोन्ही पाय मारले. व्हॅनच्या मागच्या काचेतून एक पोर माझ्याकडे बघून जीभ दाखवत होतं, इतक्या जवळ थांबलो.

मी दार उघडून रस्त्याच्या कडेला बसलो. हवा खायला. बाईंनी पाण्याची बाटली पुढे केली. म्हणाल्या, होतं असं, परत चालू करू.

शुक्रवार, १५ मार्च

दुपारी गॅरेज. गॅरेजवाला माझ्या सीटखाली डोकं घालून बराच वेळ खुडबुडत होता. मग पेडलमागून फूटपट्टी ओढून काढली. माझी. म्हणाला, साहेब, गाडीत शाळापण भरवता का?

शाळेत सोडताना गाडी मी चालवतो, मुंगी रोज शेजारच्या माझ्या रिकाम्या सीटच्या मागे बसते. तिनेच खाली सरकवली असणार. उतारावर ती घसरून पुढे आली. व्हॅनमधली ती जीभ डोळ्यांपुढून हलेना.

घरी जाईपर्यंत काय बोलायचं ते पाठ केलं. शांत, मुद्देसूद. पट्टी हातात होती, कारण पुरावा.

दार बायकोने उघडलं, नुकतीच आली होती. तिने आधी पट्टी पाहिली, मग मागे वळून मुंगीला पाहिलं. मुंगी भिंतीला चिकटून उभी होती. बायको सरळ तिच्याकडे गेली आणि उजवी बाही वर केली. मनगट सुजून निळं पडलेलं. मंगळवारपासून.

मी म्हणालो, मी नाही केलं हे. कोणीही विचारलं नव्हतं.

दवाखान्यात पट्टी शर्टाच्या आत पाठीशी खोचली होती. गाडीत ठेवायची हिंमत झाली नाही, घरी ठेवायचीही नाही. त्यामुळे ताठ बसलो.

डॉक्टरीणबाई मुंगीला म्हणाल्या, हात पुढे कर बाळा.

मुंगीने चांगला हात पुढे केला. डावा. तळवा वर. डोळे घट्ट मिटून, दात आवळून.

डॉक्टरीणबाईंनी तो हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ नुसता धरून ठेवला. मग माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, तुम्ही जरा बाहेर बसा.

बाहेर मुंगीचा आवाज ऐकू येत होता. स्टुलावर चढून पट्टी काढली. पडले. पट्टी दप्तरात लपवली, मग गाडीत. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, बाबांना का नाही सांगितलंस? तर म्हणाली, बाबा मोजतात.

हाड मोडलंय. प्लास्टर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्याच दिवशी आणायला हवं होतं, इतके दिवस पोर कळ सोसत होती. दवाखान्यातून मुंगी आणि बायको परस्पर मेहुणीकडे गेल्या.

पण आजही उचलला नाही. नोंद असावी.

रविवार, १७ मार्च

घर छान शांत. आरडाओरडा नाही, सांडलवंड नाही. भिंतीवरची खडूची गाडी पुसायची होती. राहू दिली. चाकं बरी काढलीयत. माझ्या सीटवर कोणी काढलेलं नाही.

सकाळी मेहुणीचा फोन आला. मुंगी होती. प्लास्टरवर सगळ्यांनी फुलं काढली म्हणे. मावशीने मांजर काढलं, ते बटाट्यासारखं दिसतं. हसली. एवढं मोठ्याने ती हसते हे मला माहीत नव्हतं.

मग थांबली आणि म्हणाली, बाबा, पट्टी कुठेय?

पट्टी समोर टेबलावर होती. परवापासून तिथेच आहे. मोडायला घेतली होती, चांगल्या लाकडाची आहे. माझ्या मागे बायकोची रिकामी खुर्ची. मेहुणीच्या घरात कोण कोण ऐकतंय कळेना.

मी म्हणालो, माहीत नाही.

पलीकडे कुजबुज झाली. मग मुंगी अगदी हळू आवाजात म्हणाली, कोणी रागावणार नाही, बाबा. खरं सांगा.

मी फोन ठेवला. रेंज गेली असं सांगता येईल.